लिस्पमध्ये ०.००१ वाचला की त्याला शेपूट का फुटतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुमच्याकडे उपकरणातून आलेली साधी मजकूर-फाइल आहे, एका ओळीत एक आकडा. कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत, एसबीसीएल या तिच्या कंपायलरवर, तुम्ही ओळ उचलता, ती रीड-फ्रॉम-स्ट्रिंग या मजकूर वाचणाऱ्या फंक्शनला देता आणि हाती येईल तो आकडा कोअर्स (प्रकार बदलणारं फंक्शन) वापरून डबल-फ्लोट (जास्त अंक साठवणारा दशांश आकड्यांचा प्रकार) करून घेता. फाइलीत ०.००१ आहे, पण तुमच्या यादीत ०.००१०००००००४७४९७४५१३ उमटतो. आणि जिथे १.०ई-५० (१ गुणिले दहाचा उणे ५० वा घात) लिहिलंय, त्या ओळीवर प्रोग्राम रीडर-एरर देऊन थांबतो. यावरून तुम्ही असं धरलंय की फार लहान आकडे लिस्पला झेपत नाहीत, आणि वाचनाचा भाग सी या दुसऱ्या भाषेत लिहावा का असं विचारलंय.

सी-ची गरज नाही. लिस्पला लहान आकडे उत्तम झेपतात. आकडा वाचताना तो कोणत्या प्रकारात बसवायचा हे तुम्ही रीडरला, म्हणजे लिस्पच्या मजकूर वाचणाऱ्या भागाला, सांगितलेलं नाही, म्हणून त्याने स्वतःच्या सवयीने ठरवलं. तुमच्या दोन्ही तक्रारी तिथूनच निघतात. (कोडातली नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, आणि कोडाच्या ओळी देण्याऐवजी काय करायचं ते शब्दांत सांगतोय.)

आधी एक छोटा प्रयोग करा. ०.००१ च्या जागी १००.१ वाचा आणि तसंच कोअर्स करा. १००.०९९९९८४७४१२११ मिळेल. हा आकडा काही लहान नाही, तरी शेपूट आलंच. आता ०.१२५ वाचा. शेपूट नाही. म्हणजे लहान-मोठं हा मुद्दाच नव्हे. ०.१२५ म्हणजे एक अष्टमांश, तो द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येतो. एक सहस्रांश किंवा एक दशांश तसा लिहिता येत नाही, जसे दशमान पद्धतीत एकाचे तीन समान भाग ०.३३३ करत कधीच संपत नाहीत. त्यामुळे जवळात जवळचा आकडा धरला जातो. तो किती जवळचा असणार, हे प्रकारावर ठरतं. सिंगल-फ्लोट या लहान प्रकारात सार्थ भागाला, म्हणजे आकड्याच्या अंकांना, २४ बिट मिळतात, म्हणजे साधारण सात दशमान अंक. डबल-फ्लोटमध्ये ५३ बिट, म्हणजे पंधरा-सोळा अंक. तुमच्या शेपटाकडे पुन्हा बघा. ००१ नंतर सात शून्यं आहेत आणि मग कचरा सुरू होतो. सिंगल-फ्लोटने आपलं काम चोख केलंय, पुढचे अंक त्याच्याकडे नव्हतेच.

कॉमन लिस्पमध्ये रीड-डीफॉल्ट-फ्लोट-फॉरमॅट नावाचं एक चल आहे, नावाच्या दोन्ही टोकांना तारांकन असलेलं. त्याची सुरुवातीची किंमत सिंगल-फ्लोट. १९९४ च्या मानकातच ती तशी ठरलेली आहे, त्यामुळे एसबीसीएल बदलून सीसीएल हा दुसरा लिस्प कंपायलर घेतलात तरी तेच होईल. दशांश चिन्ह असलेला आकडा, किंवा घातांकासाठी ई हे अक्षर असलेला आकडा, या चलात असेल त्या प्रकारात वाचला जातो. ई ऐवजी डी लिहिलं तर चलात काहीही असो, आकडा डबल-फ्लोट होतो. एफ लिहिलं तर सिंगल.

आता तुमचा कोअर्स. तो वाचनानंतर चालतो, आणि तोवर अंक गळून गेलेले असतात. सिंगलमध्ये बसलेला जो काही आकडा आहे, तो कोअर्स डबलमध्ये जसाच्या तसा, इमाने इतबारे नेतो. नासलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून सुधारत नाही, तसं आहे हे. उलट डबलची छपाई जास्त अंक दाखवते, त्यामुळे आधी झाकलेली चूक आता डोळ्यांना दिसते. नुसतं सिंगल छापलं असतं तर १.०ई-३ किंवा ०.००१ असं स्वच्छ दिसलं असतं आणि तुम्हाला शंकाही आली नसती.

दुसरी तक्रार पल्ल्याची. सिंगल-फ्लोटचा सर्वांत लहान पूर्ण अचूकतेचा धन आकडा साधारण १.१७५ गुणिले दहाचा उणे ३८ वा घात. त्याच्याही खाली आणखी एक पट्टा आहे, उणे ४५ व्या घातापर्यंतचा, पण तिथे दर पायरीला बिट गळत जातात. अगदी तळाशी दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतर १.४ गुणिले दहाचा उणे ४५ वा घात एवढं असतं, म्हणजे तिथे १.०ई-४५ लिहून १.४ वर बसण्याची वेळ येते. आकडा लहान असल्यामुळे अचूकता खरोखर खाल्ली जाते ती फक्त या पट्ट्यात. तुमचा उणे ५० वा घात त्याच्याही खाली आहे. त्याला शून्य मानून पुढे जाण्यापेक्षा एसबीसीएल थांबलं, हे मला फार योग्य वाटतं. तो थांबला म्हणून तर तुम्ही प्रश्न विचारलात. डबल-फ्लोटला तोच पट्टा सुरू होतो साधारण २.२ गुणिले दहाच्या उणे ३०८ व्या घाताखाली, त्यामुळे तुमच्या फाइलीला भरपूर जागा आहे.

दुरुस्ती एका ओळीची. वाचनाच्या हाकेभोवती लेट (चलाला तात्पुरती किंमत देणारी रचना) घाला, त्यात रीड-डीफॉल्ट-फ्लोट-फॉरमॅटला डबल-फ्लोट बांधा, आणि आत रीड-फ्रॉम-स्ट्रिंग बोलवा. कोअर्स काढून टाका. ०.००१ हा ०.००१ म्हणून येईल आणि उणे ५० वा घातही वाचला जाईल.

पण ही एक ओळ लिहून लोक पुन्हा अडकतात, मी स्वतःही अडकलोय, म्हणून इथे जरा थांबतो.

सगळ्यात नेहमीची चूक अशी: लेट घालायचं आणि त्याच लेटच्या आत थेट ०.००१ लिहायचं. उपयोग शून्य. संपूर्ण फॉर्म, म्हणजे कंसातला सगळा कोड, आधी वाचला जातो आणि मग चालवला जातो. लेट चालायला लागेपर्यंत आतला ०.००१ सिंगल होऊन बसलेला असतो. लेटचा परिणाम प्रोग्राम चालू असताना वाचल्या जाणाऱ्या मजकुरावर होतो, तुमच्या स्रोतात लिहिलेल्या आकड्यांवर नाही. याच कारणाने फाइलीच्या डोक्यावर सेटएफ करून (चलाची किंमत कायम बदलून) ठेवलं तरी कंपाइल-फाइल करताना ते चालत नाही, ते चालतं नंतर लोड करताना. म्हणून स्रोतातल्या स्थिरांकांसाठी मी एकच सवय पाळतो: डी लिहायचाच. ०.००१डी०, १डी-९, अगदी ०.५डी० सुद्धा, जिथे फरक पडत नाही तिथेही. वाचणाऱ्याला प्रकार लगेच दिसतो आणि दुसऱ्याच्या यंत्रावर चल कसंही असो, आकडा बदलत नाही. सुरुवातीच्या फाइलीत सेटएफ करून ते सर्वत्र डबल करावं असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल. एकट्याने आरईपीएलवर (कोड टाइप केला की लगेच उत्तर देणाऱ्या खिडकीत) हिशेब करायला ठीक आहे. पण मग त्यानंतर कंपाइल होणाऱ्या दुसऱ्याच्या लायब्ररीतले सिंगल म्हणून लिहिलेले आकडेही डबल होऊ शकतात, आणि तिथे सिंगल-फ्लोट असं जाहीर केलेलं असेल तर प्रकाराची भांडणं सुरू होतात.

दुसरा सापळा: विथ-स्टँडर्ड-आयओ-सिंटॅक्स. सुरक्षित वाचन-लेखनासाठी लोक ते वापरतात आणि वापरावंच, पण ते इतर चलांबरोबर हे चलही पुन्हा सिंगल-फ्लोटवर नेतं. तुमचं लेट त्याच्या बाहेर असेल तर ते पुसलं गेलं म्हणून समजा. लेट आत हवं. तिसरा सापळा थ्रेडचा, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांचा. फाइली अनेक थ्रेडमध्ये वाटून वाचत असाल, तर मुख्य थ्रेडमध्ये बांधलेली किंमत एसबीसीएलच्या नव्या थ्रेडला दिसत नाही, त्याला जागतिक किंमतच दिसते. प्रत्येक थ्रेडच्या कामात लेट घाला.

आणि ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ते हे: रीडर दुरुस्त केला तरी सिंगल-फ्लोट दुसऱ्या दाराने आत येतो. पूर्णांकाचं वर्गमूळ घ्या, २ चं, उत्तर १.४१४२१३५ येतं आणि ते सिंगल असतं. लॉग, एक्स्प, साइन यांना पूर्णांक किंवा अपूर्णांक दिला की उत्तर सिंगलमध्ये, कारण मानकाचा नियमच तसा आहे. रीडरच्या चलाचा इथे संबंध नाही. फ्लोट या फंक्शनला नुसता एक तृतीयांश दिला तर सिंगल मिळतो, दुसरा घटक म्हणून १डी० दिला तर डबल. याउलट पाय हा स्थिरांक एसबीसीएलमध्ये डबलच आहे, त्यामुळे पायशी गुणलेलं सगळं डबल होतं आणि आतला सिंगल लपून जातो. शंका आली की टाइप-ऑफ या फंक्शनने प्रकार विचारा. छापताना शेवटी डी० दिसला तर पुष्कळजण वैतागतात. मला तो आवडतो. चल सिंगलवर असताना डी० दिसणं म्हणजे समोरचा आकडा खरोखर डबल असल्याची पावती.

माझा एक अनुभव सांगतो, तुमच्या उलट्या टोकाचा. एका ठिकाणच्या तापमानाच्या नोंदी वाचायच्या होत्या. प्रत्येक ओळीत १९७० पासूनचे सेकंद आणि तापमान. चाचणीच्या फाइलीत सेकंद पूर्ण होते, दशांश चिन्ह नव्हतं, म्हणून ते पूर्णांक म्हणून नेमके वाचले गेले आणि सगळं जुळलं. खऱ्या फाइलीत सेकंदांना पाव-अर्धा भाग होता. आलेख काढला तर पायऱ्या! दीड अब्जाच्या आसपास सिंगल-फ्लोटच्या दोन शेजारच्या आकड्यांत १२८ सेकंदांचं अंतर असतं, त्यामुळे दोन-दोन मिनिटांच्या सगळ्या नोंदी एकाच वेळेवर गोळा झाल्या होत्या. तापमानं बरोबर होती, म्हणून मी दोन दिवस आलेखाच्या कोडात चूक शोधत बसलो. तेव्हापासून नवीन फाइल आली की पहिल्या दहा ओळी वाचून प्रत्येक आकड्याचा प्रकार छापून बघतो, आणि त्या दहा ओळी खऱ्या फाइलीतल्याच घेतो.

आता आकडेमोडीकडे. तुमच्या प्रश्नात उणे ३४ व्या घातातले आकडेही होते, म्हणजे बहुधा भौतिकशास्त्रातले स्थिरांक. त्यांच्याबाबत एक गोष्ट नक्की लक्षात घ्या. प्लांकचा लघूकृत स्थिरांक, १.०५४५७१८१७ गुणिले दहाचा उणे ३४ वा घात, सिंगल-फ्लोटमध्ये बिनतक्रार वाचला जातो. पण त्याचा वर्ग उणे ६८ व्या घातात जातो. वाचताना एसबीसीएल थांबलं होतं, गुणाकारात मात्र थांबणार नाही. भागिले शून्य, अतिप्रवाह (उत्तर पल्ल्यापेक्षा मोठं होणं) आणि अवैध क्रिया यांवर प्रोग्राम थांबवणारे सापळे तिथे मुळात लावलेले असतात, अधःप्रवाहाचा (उत्तर पल्ल्यापेक्षा लहान होण्याचा) नसतो. उत्तर गुपचूप ०.० येतं. पुढे कुठेतरी त्याने भागलं की भागिले शून्यची चूक दिसते, आणि ती मूळ जागेपासून पन्नास ओळी लांब असते. याच वर्गाला इलेक्ट्रॉनच्या दुप्पट वस्तुमानाने भागा, उत्तर साधारण ६.१ गुणिले दहाचा उणे ३९ वा घात. म्हणजे मधली पायरी कशीबशी टाळली तरी अंतिम उत्तरसुद्धा सिंगलच्या पूर्ण अचूकतेच्या पल्ल्याबाहेर. डबलमध्ये हे सहज होतं. तरी मी अशा कामात एककंच बदलतो. इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि नॅनोमीटर घेतले की हीच राशी ०.०३८१ होते. समीकरण वाचायला सोपं आणि पल्ल्याची चिंता नाही. संभाव्यतांचा लांबलचक गुणाकार असेल, तर डबलचाही तळ लागतो. तिथे लॉगची बेरीज करायची.

लहान आकड्यांची तुलना करताना एक धोका खास आहे. दोन आकड्यांतला फरक दहाच्या उणे सहाव्या घातापेक्षा कमी असेल तर समान, असं कुठेतरी लिहिलेलं असतं. तुमची मापनं उणे नवव्या घातातली असतील, तर १ई-९ आणि ३ई-९ समान ठरतील, आणि दोन्ही शून्याच्या बरोबरीचे! फरकाला मोठ्या आकड्याने भागून मगच मर्यादा लावा. आणि बरोबरीच्या चिन्हाने फ्लोटची तुलना अपूर्णांकाशी करू नका, कारण लिस्प ती तुलना नेमकी करतं. ०.५ आणि एक द्वितीयांश समान निघतात, ०.००१ आणि एक सहस्रांश निघत नाहीत, डबलमध्येही नाहीत.

डबल घ्यायचं की सिंगल, हे मात्र परिस्थितीवर आहे. उपकरण चारच अंक देत असेल आणि तुम्ही लाखो आकड्यांची बेरीज करत नसाल, तर सिंगल पुरतो. ६४ बिटांच्या एसबीसीएलमध्ये सिंगल-फ्लोट यंत्राच्या एका शब्दातच (६४ बिटांच्या कप्प्यात) मावतो, डबलसाठी अनेकदा वेगळी जागा मागावी लागते. कोट्यवधी नोंदी असतील तर हा फरक जाणवतो, आणि त्यावर उपाय म्हणजे डबल-फ्लोट असं जाहीर केलेली सरणी. पण मी तरी सिंगलकडे वळतो ते मोजून झाल्यावर. सुरुवात डबलने.

फाइल कोण देतं, यावरही बरंच ठरतं. रीड-फ्रॉम-स्ट्रिंग हा पूर्ण लिस्पचा रीडर आहे. हॅश आणि टिंब यांनी सुरू होणारा मजकूर तो वाचता वाचता चालवतोसुद्धा. परक्या फाइलीसाठी रीड-इव्हॅल हे चल निलवर (म्हणजे बंद) बांधणं ही किमान काळजी. शिवाय एनएएन (‘हा आकडा नाही’ अशी खूण) लिहिलेलं असलं की आकड्याऐवजी सिंबल, म्हणजे नुसतं नाव, येतो. "५." असं लिहिलं तर पूर्णांक ५ येतो. फोरट्रान भाषेतल्या प्रोग्रामनी लिहिलेल्या फाइली इथे गंमत करतात. १.०डी-५० असा त्यांचा डबल लिस्प थेट बरोबर वाचतं, पण घातांक तीन अंकी झाला की फोरट्रान पुष्कळदा अक्षरच गाळतं, ०.१००-१०० असं लिहितं, आणि तिथे पुन्हा सिंबल. म्हणून परक्या फाइलींसाठी मी क्विकलिस्प या लिस्प लायब्ररींच्या संग्रहातलं पार्स-नंबर वापरतो. फ्लोट-फॉरमॅट हा कीवर्ड घटक देऊन प्रकार तिथल्या तिथे सांगता येतो.

स्वतः वाचक लिहायचाच असेल तर अंकांमागून अंक ०.१ ने गुणत जाऊ नका, दर पायरीला थोडी चूक साचते. अंकांचा एक पूर्णांक करा, घातांकाचा दुसरा. दहा या पूर्णांकाचा तो घात घ्या. ऋण घातालाही लिस्प नेमका अपूर्णांक देतं. दोघांचा गुणाकार करा आणि अगदी शेवटी एकदाच डबलमध्ये उतरवा. १९९० साली एकाच परिषदेत स्टील आणि व्हाइट या संशोधकांनी फ्लोट नेमके कसे छापावेत आणि क्लिंगर यांनी ते नेमके कसे वाचावेत, हे मांडलं. ठरावीक लांबीच्या अंकगणितात सगळे आकडे अचूक वाचता येत नाहीत, काही वेळा हवे तेवढे मोठे पूर्णांक लागतातच, असं क्लिंगर यांनी दाखवलं. लिस्पमध्ये ते भाषेतच आहेत, त्यामुळे हे काम दहा-पंधरा ओळींत होतं. फक्त घातांक आधी तपासा. कुणी १ई-९९९९९९९९९ लिहिलं तर तो नेमका अपूर्णांक बनवताना यंत्राची मेमरी संपू शकते.

राहिला तुमच्याकडे आधीच साठवलेला, शेपटं फुटलेला डेटा. मूळ फाइली असतील तर त्या पुन्हा वाचा, दुसरा विचार करू नका. मूळ गेलेल्या असतील तर डबल पुन्हा सिंगलमध्ये उतरवा. तो नेमका तोच सिंगल होईल, कारण जाताना काही हरवलं नव्हतं. मग त्यावर रॅशनलाइझ चालवा. ०.१ साठी रॅशनल हे फंक्शन १३४२१७७३ भागिले १३४२१७७२८ असं साठवलेलं सत्य सांगतं, रॅशनलाइझ मात्र त्या अचूकतेत बसणारा सोपा अपूर्णांक, एक दशांश, शोधतं. तो १डी० देऊन फ्लोट केला की स्वच्छ डबल मिळतो. मूळ आकड्यांत पाच-सहा सार्थ अंक असतील तर त्या सिंगललाच दशमानात छापून, आलेला मजकूर वर सांगितल्याप्रमाणे डबल म्हणून पुन्हा वाचणं हा आणखी भरवशाचा मार्ग, कारण तेवढे अंक छपाईत जसेच्या तसे परत येतात. त्याहून जास्त अंक होते, तर ते गेले. तेवढ्या नोंदींपुढे तशी खूण करून ठेवा आणि मोजमाप पुन्हा घेता येतं का ते बघा.